पुदिना : परसातील औषध आणि त्याची मर्यादा



वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्चाची पत्रके, लेखापरीक्षकांचा अभिप्राय आणि विविध विभागांच्या कार्याचा आढावा यांना त्यात अग्रस्थान असणे स्वाभाविक आहे. तथापि हा अहवाल अनेक घरांत पोहोचतो आणि प्रतीक्षागृहात बसलेले नातेवाईकही तो चाळतात. त्यामुळे त्याची काही पाने नित्याच्या आरोग्यप्रश्नासाठी राखून ठेवणे उचित वाटते. यंदा त्यासाठी पुदिन्याचा विषय निवडला आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्राचा अधिकारी नाही; म्हणून लेखातील वैद्यकीय मजकूर रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नजरेखालून गेला आहे, हे प्रारंभीच नमूद करतो.

पोट गुबारले, करपट ढेकर येऊ लागले, मुरडा आला की आपल्याकडे प्रथम घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारले जाते. ओवा, हिंग, जिरे, आले आणि पुदिना ही तिची औषधपेटी. ही परंपरा टाकाऊ नाही. किंबहुना पुदिन्याच्या बाबतीत आधुनिक संशोधनाने तिला बऱ्याच अंशी दुजोराच दिला आहे. परंतु कोणत्याही औषधाप्रमाणे या औषधालाही मर्यादा आहेत. त्या न ओळखल्यास काय किंमत मोजावी लागते, हे रुग्णालयाच्या कार्यालयात बसून आम्हास वरचेवर पाहावे लागते. गुण आणि मर्यादा या दोहोंची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

१. आपल्या कुंडीतील पुदिना कोणता?

पुदिना हे एका वनस्पतीचे नाव नसून एका कुळातील अनेक वनस्पतींना आपण ते सरसकट देतो. भाजीबाजारात जुडीने मिळणारा आणि चटणीत पडणारा पुदिना सामान्यतः ‘मेंथा स्पायकाटा’ या जातीचा असतो. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा. औषधनिर्मितीत ज्याचे तेल वापरतात तो ‘पेपरमिंट’ निराळा. तो दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाला असून त्याच्या तेलात मेन्थॉलचे प्रमाण सुमारे ३० ते ५५ टक्के असते. तिसरा प्रकार जपानी पुदिना अथवा ‘मेंथा अर्व्हेन्सिस’. उत्तर प्रदेशातील बाराबंकी, बदायूँ, रामपूर आदी जिल्ह्यांत त्याची मोठी शेती होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याचे ‘कोसी’सारखे वाण शेतकऱ्यांना दिले. आज मेंथा तेलाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. पानाच्या मसाल्यातील थंडावा आणि बामचा झणका यांचे मूळ बहुधा याच शेतांत असते.

हा भेद सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. पुदिन्यावरील वैद्यकीय संशोधन मुख्यतः पेपरमिंटच्या तेलावर झाले आहे. आपल्या कुंडीतील पानांत मेन्थॉल अत्यल्प असते. कार्व्होनही आतड्याचे स्नायू सैल करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे, परंतु माणसांवरील पुरावा मेन्थॉलइतका भक्कम नाही. म्हणून चटणीचा पुदिना हा सौम्य, सुगंधी आणि पाचक पदार्थ मानावा, तर पेपरमिंटचे तेल हे औषध मानावे. दोहोंचे गुण एकमेकांच्या खाती जमा करू नयेत.

२. पोटात नेमके काय घडते?

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. त्यांच्या लयबद्ध आकुंचनाने अन्न पुढे सरकते. हे आकुंचन अनियमित अथवा तीव्र झाले की कळ येते आणि वायू अडकून पोट तट्ट होते. स्नायूपेशी आकुंचन पावण्यासाठी कॅल्शियमचे कण पेशीत शिरावे लागतात. मेन्थॉल त्यांचे प्रवेशद्वार अंशतः अडवते. परिणामी स्नायू सैलावतो, कळ ओसरते आणि वायू मोकळा होतो. जपानमध्ये दुर्बिणीने जठराची तपासणी करताना मेन्थॉलयुक्त द्रव आत फवारून जठराची हालचाल शांत करण्याची पद्धत रूढ आहे. आजीच्या बटव्यातील गुण तपासणीकक्षात उपयोगी पडल्याचे हे बोलके उदाहरण होय.

पुदिन्याने तोंडास जो थंडावा जाणवतो तो मात्र खरा थंडावा नव्हे. जिभेचे तापमान त्यामुळे उतरत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरील ग्राहकांना मेन्थॉल चेतवते आणि मेंदूस थंडीचा निरोप जातो. २०२१ साली तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थंडीच्या ग्राहकाचा शोध घेताना या दोघांनीही मेन्थॉलचाच उपयोग केला होता. यातून एक बोध मात्र घ्यावा : थंड वाटणे आणि दाह शमणे या भिन्न गोष्टी आहेत.

३. संशोधनाचा कौल

ज्यांचे पोट वर्षानुवर्षे दुखते, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो, परंतु तपासण्यांत दोष आढळत नाही, अशा रुग्णांच्या विकारास डॉक्टर ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. पेपरमिंटच्या तेलाचा अभ्यास प्रामुख्याने याच विकारावर झाला. तेल जठरात न फुटता लहान आतड्यात फुटावे, यासाठी त्याच्या कॅप्सूलवर विशेष आवरण असते. अमेरिकेतील जठरांत्रतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत या विकारासाठी पेपरमिंटचा पर्याय सुचविला. मात्र उपलब्ध पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही सांगितले. त्यापूर्वी २०२० साली नेदरलँड्समधील सुमारे १९० रुग्णांवरील एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्या मुख्य निकषावर तेल हे औषधविरहित कॅप्सूलपेक्षा निर्णायकपणे सरस ठरले नाही. पोटदुखी कमी होण्यासारख्या काही दुय्यम निकषांवर मात्र ते सरस दिसले.

थोडक्यात ताळेबंद असा की जमेची बाजू खरी आहे, परंतु मोठी नाही. याच चाचण्यांतून दिसते की औषधविरहित कॅप्सूल घेणाऱ्यांपैकीही पुष्कळांना बरे वाटते. पोटातील कळ लाटेसारखी येते आणि आपोआप ओसरते. ओसरण्याच्या वेळी जे पोटात असेल त्यास श्रेय मिळते. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

४. लागवड आणि वापर

पुदिन्यास बियाण्याची गरज नसते. बाजारातील जुडीतून चार निरोगी काड्या निवडाव्यात, खालची पाने काढून त्या पाण्यात किंवा ओल्या मातीत खोचाव्यात. काही दिवसांत मुळे फुटतात. भुसभुशीत माती, सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि पाण्याचा निचरा एवढे पुरे. त्याची खोडे जमिनीलगत धावत जाऊन शेजारच्या रोपांची जागा बळकावतात, यास्तव त्याला स्वतंत्र, पसरट कुंडी द्यावी. शेंडे वरचेवर खुडल्यास झाड भरगच्च राहते. फुले येण्यापूर्वीची कोवळी पाने अधिक चवदार असतात.

जड जेवणानंतर पोट गुबारल्यास दहा-बारा पाने धुऊन, किंचित चुरगाळून कपभर उकळत्या पाण्यात टाकावीत, वर झाकण ठेवून पाच ते दहा मिनिटांनी गाळून कोमट असताना सावकाश प्यावे. झाकण अवश्य ठेवावे, कारण पुदिन्याचे सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. ताकात जिरेपूड व पुदिना हाही उत्तम उपाय आहे.

येथे पाण्याविषयी एक इशारा देणे प्राप्त आहे. पुदिन्याची चटणी आणि पाणीपुरीचे हिरवे पाणी कच्चेच पोटात जाते. पाने मातीलगत वाढतात आणि अनेकदा सांडपाण्यालगतच्या मळ्यांतून येतात. दूषित पाण्यातून विषमज्वर, कावीळ व अतिसार पसरतात, आणि पुदिन्याच्या वासाने त्या जंतूंचे काहीही बिघडत नाही. पावसाळ्यात पाने वाहत्या स्वच्छ पाण्याखाली निवडून धुवावीत आणि चटणीसाठी उकळून गार केलेले पाणी वापरावे. पाचक म्हणून घेतलेल्या चटणीनेच आजार घरात यावा, असे घडू नये.

५. कोणी जपून राहावे?

ज्यांना छातीत जळजळ होते अथवा अन्न घशाशी येते, त्यांना पुदिन्याने बरे वाटण्याऐवजी त्रास वाढण्याचा संभव असतो. अन्ननलिका आणि जठर यांमधील झडपेसारखा स्नायूही मेन्थॉलने सैल होतो आणि आम्ल वर येते. आम्लपित्तावर ‘थंड’ म्हणून पुदिन्याचा अर्क घेणारे पुष्कळ जण याच कारणाने वारंवार बाटली उघडतात. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी तसेच गर्भवती स्त्रियांनी पेपरमिंटचे तेल अथवा कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. आवरणयुक्त कॅप्सूल आम्लनाशक औषधाबरोबर घेतल्यास तिचे आवरण जठरातच विरघळते, म्हणून दोहोंत अंतर ठेवावे.

लहान बालकांविषयी अधिक कडक नियम पाळावा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास आईच्या दुधाखेरीज पाणी, काढा, अर्क असे काहीही वरचे देऊ नये; डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढा अपवाद. मेन्थॉलयुक्त बाम तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावल्यास श्वास अडखळू शकतो. अनेक घरांत ‘अमृतधारा’ असते. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तीन घन पदार्थ एकत्र केले की त्यांचे आपोआप द्रवात रूपांतर होते, तेच हे औषध. यातील कापूर पोटात गेल्यास बालकास अल्प प्रमाणातही झटके येऊ शकतात. ही बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

आणखी एक गोष्ट. जुलाब-उलट्यांत पुदिना हा उपचार नव्हे. त्या वेळी शरीरास हवे असते ते पाणी, मीठ आणि साखर. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासित छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार-साखरेच्या पाण्यावर भिस्त ठेवून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. आज त्याच तत्त्वावरील ओआरएसची पुडी सरकारी आरोग्य केंद्रांत मिळते. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा.

६. आराम म्हणजे निदान नव्हे

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. नाव-गाव वगळून एक प्रसंग सांगतो. शेतमजूर कुटुंबातील एका शाळकरी मुलाच्या बेंबीभोवती संध्याकाळी दुखू लागले. जेवणावर वासना नव्हती, एकदा उलटी झाली. घरच्यांनी पुदिन्याचा रस आणि ओवा दिला. रात्री थोडी झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुखणे उजव्या बाजूस, ओटीपोटाकडे सरकले व कणकण आली. पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल देण्यात आले. तिसऱ्या दिवशी पहाटे दुखणे एकाएकी ओसरले. घरातील माणसे निश्चिंत मनाने कामावर गेली. सायंकाळपर्यंत पोट फळीसारखे कडक झाले, ताप चढला, आणि रात्री त्यास आपल्या रुग्णालयात आणले गेले.

आंत्रपुच्छ, म्हणजेच अपेंडिक्स, फुटून पू पोटात पसरला होता. पहाटेचा तो आराम पुदिन्याचा नव्हता. फुगलेले अपेंडिक्स फुटल्यावर आतील ताण सुटतो आणि काही काळ वेदना कमी भासते, असे शल्यचिकित्सकांनी नंतर समजावून सांगितले. तातडीने शस्त्रक्रिया झाली. मुलगा वाचला, परंतु जी शस्त्रक्रिया पहिल्या दिवशी लहान व सोपी ठरली असती ती मोठी झाली आणि मुक्काम कित्येक दिवसांनी लांबला. मुलाच्या आईने शल्यचिकित्सकांस एकच प्रश्न विचारला, “डॉक्टरसाहेब, माझ्या पुदिन्यानं बिघडलं का हो?” त्यांनी उत्तर दिले, “नाही बाई, पुदिन्याने काही बिघडवले नाही. वाट पाहण्यात दिवस गेले, त्याने बिघडले. एरंडेल मात्र पुन्हा कधी देऊ नका.”

हे उत्तर प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. घरगुती उपायात दोष नसतो. त्याने मिळालेल्या किंवा मिळाल्यासारख्या वाटलेल्या आरामावरून रोगाचे निदान करण्यात दोष असतो. ढेकर आला म्हणजे ‘गॅसच होता’ हे सिद्ध होत नाही. हृदयविकाराच्या झटक्यातही, विशेषतः हृदयाच्या खालच्या भागास इजा झाल्यास, वेदना पोटाच्या वरच्या भागी जाणवते, मळमळते, ढेकर येतात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात ही लक्षणे अधिकच फसवी असतात. ‘गॅस झाला होता, अर्क घेऊन झोपले होते’ हे वाक्य तातडीच्या विभागात अनेकदा ऐकू येते. अशा वेळी हृदयाच्या स्नायूच्या दृष्टीने प्रत्येक तास मोलाचा असतो.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर घरगुती उपाय ही कार्यालयातील किरकोळ रोकड आहे. ती हाताशी असावी, तिने रोजचे काम भागते. पण तिला रकमेची मर्यादा असते आणि त्यापलीकडील खर्चास वरिष्ठांची मंजुरी लागते. घरगुती उपायाची मर्यादा वेळेत मोजावी. साध्या गुबाऱ्यावर पुदिना एक-दोन वेळा घ्यावा. सलग सहा तास वेदना कायम राहिल्यास डॉक्टरांकडे जावे, आणि पुढीलपैकी एकही खूण दिसल्यास तेवढाही वेळ दवडू नये.

७. या खुणा दिसताच रुग्णालय गाठावे

(१) छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागी दडपण, दरदरून घाम, दम लागणे, वेदना हात, जबडा अथवा पाठीकडे जाणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

(२) बेंबीभोवतीची वेदना उजवीकडे खाली सरकणे, पोट कडक होणे, चालताना वा खोकताना कळ येणे.

(३) रक्ताची उलटी, अथवा डांबरासारखी काळी व चिकट शौचास होणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळसर होतो, हे डॉक्टरांना सांगावे. स्वतः निष्कर्ष काढू नये.

(४) हिरवी उलटी, फुगलेले पोट, शौच व वायू दोन्ही बंद होणे.

(५) पोटदुखीसोबत ताप अथवा कावीळ.

(६) गर्भवती स्त्रीची कोणतीही तीव्र पोटदुखी.

(७) तान्हे बाळ थांबून थांबून कळवळून रडणे, शौचातून रक्त पडणे. बाळाचे आतडे आतड्यात शिरले असण्याची शक्यता असते.

याखेरीज विनाकारण वजन घटणे, गिळण्यास त्रास, अंगावर पांढरेपणा येणे, किंवा पन्नाशीनंतर पोटाची तक्रार प्रथमच सुरू होऊन टिकून राहणे, या गोष्टींत रात्रीची धावपळ नको, पण त्याच आठवड्यात तपासणी हवी. कर्करोगासारखे आजार अशाच किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींच्या आड दडतात.

कोणत्याही तीव्र पोटदुखीत निदान होण्यापूर्वी एरंडेल वा अन्य रेचक देऊ नये, पोट चोळू नये आणि शस्त्रक्रियेची शक्यता लक्षात घेऊन डॉक्टरांनी तपासेपर्यंत खाणेपिणे थांबवावे.

८. समारोप

उशीर होण्यामागे बहुधा अज्ञान नसते, खर्चाची भीती असते. ‘दवाखान्यात गेलो की हजारोंचा खड्डा पडेल’ या धास्तीने माणूस आणखी एक दिवस घरचा काढा पितो, आणि अखेरीस खड्डा अनेक पटींनी मोठा होतो. म्हणून येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे की धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. उत्पन्नाचा पुरावा त्या क्षणी हाताशी नसला तरी तातडीच्या रुग्णाने दारातून परत फिरू नये. कागदपत्रांसाठी आमच्या समाजसेवा विभागातील कर्मचारी साहाय्य करतात.

देणगीदारांस एवढेच निवेदन की आपल्या देणगीतून फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया जशी होते, तशी ते फुटण्यापूर्वी रुग्ण आल्यास त्याच रकमेत अधिक रुग्णांची सोय होते. वेळेवर येणारा रुग्ण हीच निधीची सर्वोत्तम बचत होय. यास्तव हे पान वाचून झाल्यावर आपल्याकडे काम करणाऱ्या मावशी, वाहनचालक, शेतावरील गडी आणि शेजारी यांस सातव्या परिच्छेदातील खुणा अवश्य वाचून दाखवाव्यात, ही नम्र विनंती.

कुंडीत पुदिना अवश्य लावावा आणि जेवणानंतर त्याचा काढाही सुखाने घ्यावा. त्याने बरे वाटले तर उत्तमच. दुखणे थांबले नाही तर घड्याळाकडे पाहावे आणि निघावे. रुग्णालयाचा तातडीचा विभाग दिवसरात्र उघडा आहे.

— प्रशासकीय अधिकारी